फिट येते तेव्हा शेजारच्या पेशी काय करत असतात?

अपस्माराचं खापर नेहमी चेतापेशींवर फुटतं. त्यात चूक नाही. असंख्य चेतापेशी एका तालात विद्युत संदेश सोडू लागल्या की हातपाय आखडतात, शुद्ध हरपते. पण त्यांना आवरणाऱ्या पेशी तेव्हा कुठे असतात?

या आधारपेशींना जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरशो यांनी १८५६ मध्ये ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. ग्लिया म्हणजे सरस. नावानेच घात केला! चिकटवण्यापलीकडे त्या काही करत असतील, असं बराच काळ फारसं कुणाला वाटलं नाही.

त्यांच्यातल्या ताराकृती पेशींचं काम जवळून पाहू. चेतापेशीने संदेश सोडला की थोडं पोटॅशियम बाहेर पडतं. दोन पेशींमधली फट मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी, त्यामुळे थोडंही खूप होतं. ते साचलं की आजूबाजूच्या चेतापेशी जराशा कारणाने पेटतात, आणखी पोटॅशियम सोडतात. ताराकृती पेशी ते शोषून दूर पोचवतात. ज्या मुलांमध्ये या शोषणाच्या वाटेचं जनुकच सदोष असतं, त्यांना तान्हेपणीच फिट येऊ लागतात. सोबत बहिरेपणा आणि तोल न सावरणं.

चेतापेशींना चेतवणारं ग्लुटामेटही याच पेशी उचलतात आणि एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्याचं निरुपद्रवी ग्लुटामिन करतात. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेने काढलेल्या मेंदूच्या भागात हा विकर बऱ्याचदा कमी आढळला. हा फिटचाच परिणाम असेल, अशी शंका येते. पण उंदरांमध्ये तोच विकर रोखला, तेव्हा त्यांनाही फिट येऊ लागल्या.

या उचलाउचलीला ऊर्जा लागते. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जेचा खर्च सुमारे २० टक्के. ग्लुकोज मेंदूत नेणारं ‘ग्लुट १’ हे प्रथिन अपुरं असेल तर रक्तातली साखर व्यवस्थित, पण मेंदूभोवतालच्या पाण्यात मात्र कमी. अशा मुलाला सकाळी उपाशीपोटी फिट येतात आणि खाल्ल्यावर कमी होतात, असं अनेकदा दिसतं. नेहमीची औषधं इथे फारशी कामी येत नाहीत. भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय आहार दिला की यकृत कीटोन हे ग्लुकोजऐवजी मेंदूला चालणारं इंधन बनवतं आणि ते दुसऱ्याच दाराने मेंदूत शिरतात. हा कीटोजेनिक आहार अमेरिकी डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये सुचवला, तेव्हा ग्लुट १ कुणाला ठाऊकच नव्हतं. उपासाने फिट थांबतात, एवढीच डॉक्टरांची नोंद होती. घरच्या घरी मात्र तो करून पाहू नये. शरीरातल्या काही विकरांच्या दोषांत तो जिवावर बेततो.