किती बदकं टिपलीत? शिकाऱ्यांच्या उत्तरांवर उभ्या आकड्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत बदकांच्या शिकारीचा मोसम किती दिवस चालेल आणि एका शिकाऱ्याने दिवसाला किती पक्षी टिपायचे, हे दर वर्षी सरकार ठरवतं. ते ठरवायचं तर गेल्या मोसमात किती पक्षी मारले गेले याचा अंदाज हवा. हा हिशेब ठाऊक असणारी मंडळी एकच, ती म्हणजे मारणारे. म्हणून त्यांनाच विचारलं जातं. इथे ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते की शिकारी लपवणारच, पाच मारून तीन सांगणार. गेल्या सत्तर वर्षांत ही उत्तरं ज्यांनी ज्यांनी पडताळून पाहिली, त्यांना बहुतेक वेळा उलटाच प्रकार दिसला. शिकारी वाढवून सांगतो. आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपण वाढवून सांगतोय याचा पत्ताही नसतो.

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात कॅनडाच्या वतीने स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला 1916 मध्ये, आणि 1918 मध्ये त्यावर आधारलेला कायदा आला. बाजारात विकण्यासाठी होणारी घाऊक कत्तल त्याने बंद पाडली. पण उरलेल्या हौशी शिकाऱ्यांची संख्या किती आणि ते मारतात किती, याबद्दल वॉशिंग्टनच्या दफ्तरात जवळजवळ काहीच नव्हतं. 1930 च्या दशकातल्या दुष्काळाने पाणथळ जागा आटल्या, बदकं डोळ्यांदेखत कमी झाली आणि सरकारला हातपाय हलवावे लागले. 1934 मध्ये ‘डक स्टॅम्प’ आला. एक डॉलरचं हे तिकीट घेतल्याशिवाय सोळा वर्षांवरच्या कोणालाही पाणपक्ष्यांची शिकार करता येईना. पहिल्या तिकिटावरचं चित्र काढलं जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी. ते मूळचे वृत्तपत्रातले व्यंगचित्रकार आणि त्या वेळी शिकारीचं नियमन करणाऱ्या खात्याचे प्रमुख. पुढच्याच वर्षी मोसम 30 दिवसांवर आणला गेला, दिवसाची मर्यादा दहा बदकांची झाली, आणि आमिष म्हणून जिवंत बदकं बांधणं व दाणे टाकणं या दोन्हींवर बंदी आली.

पहिल्या मोसमात 6,35,001 तिकिटं खपली. देशात बदकांचे शिकारी साधारण किती, हे त्यामुळे पहिल्यांदा कळलं. बदकं किती मेली, हे तरीही कळलं नाही.

खरं तर त्या आकड्याची गरज त्याआधीच कागदावर मांडून झाली होती. फ्रेडरिक लिंकन हे पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या सरकारी कार्यक्रमाचे प्रमुख. त्यांनी 1930 मध्ये एक साधा हिशेब मांडला. समजा, हजार बदकांच्या पायात कडी घातली आणि त्यांपैकी शंभर त्या मोसमात मारली गेली. म्हणजे एकूण बदकांपैकीही दहा टक्के मारली गेली असं धरता येईल. मग एकूण मारलेल्यांचा आकडा मिळाला की देशात बदकं किती होती ते काढता येतं. पद्धत देखणी होती. मात्र तिच्या दोन्ही टोकांना शिकारीच उभा होता. कडं सापडल्याचं त्याने कळवायचं, आणि एकूण किती मारली तेही त्यानेच सांगायचं.

दुसऱ्या टोकाचं काम पद्धतशीर सुरू झालं 1952 मध्ये. निवडक टपाल कार्यालयांत डक स्टॅम्प घेणाऱ्याला खिडकीवरच एक कार्ड दिलं जाई. त्यावर नाव-पत्ता लिहून ते टपालात टाकायचं. ज्यांची कार्डं येत, त्यांना मोसम संपल्यावर प्रश्नावली जाई: किती दिवस गेलात, किती बदकं टिपलीत, किती जखमी होऊन हातची गेली. उत्तरांची सरासरी काढायची आणि तिला विकल्या गेलेल्या तिकिटांच्या संख्येने गुणायचं. त्या काळात एवढ्या मोठ्या देशासाठी हे काम धाडसाचंच होतं. त्यातली भोकंही लगेच दिसतात. कार्ड देणं टपाल कारकुनाच्या मर्जीवर आणि ते भरून टाकणं शिकाऱ्याच्या उत्साहावर. मोसमभर चिखलात बसून रिकाम्या हाताने परतलेला गडी असलं कार्ड कशाला भरेल? ज्याचा मोसम झकास गेला तो उत्तर पाठवतो, बाकीचे कागद कचऱ्यात टाकतात. त्यामुळे सरासरी वर जाते. वर गेलेल्या सरासरीला सगळ्या तिकिटांनी गुणलं की फुगवटाही तितक्या पटींनी वाढतो.

यातून उत्तर न देणाऱ्यांना दुसरं, तिसरं पत्र पाठवायचा रिवाज पडला. उशिरा उत्तर देणारे कमी शिकार केलेले निघत, आणि त्यावरून मुळीच उत्तर न देणाऱ्यांबद्दल तर्क बांधता येई. उत्तर देणाऱ्यांची उत्तरं तरी बरोबर होती का, हा प्रश्न मात्र त्याहून चिवट. अर्ल अ‍ॅटवुड यांनी 1956 मध्ये टपालाने आलेली उत्तरं शिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिली, आणि दोन गोष्टी समोर आल्या. एक स्मृतीचा दोष. मोसम संपून महिने लोटले की आकडे गोल होतात. सात-आठची दहा होतात, अठराची वीस. दिवसाची मर्यादा चारची असेल तर चारच्या पटीतली उत्तरं गरजेपेक्षा जास्त येतात. दुसरा प्रतिष्ठेचा दोष. बदकं न मिळालेले दिवस विसरायला सोपे असतात, भरल्या पिशवीने घरी आलेले दिवस नाही.

प्रतिष्ठेची ही भूक आपल्याकडेही दगडात कोरलेली आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात संस्थानी काळातल्या शिकारींचे दगडी फलक अजून उभे आहेत, त्यांवर तारीख, पाहुणा आणि पडलेल्या पक्ष्यांचा आकडा. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्याने एका दिवसात मारलेल्या पक्ष्यांचा तिथला आकडा 4,273 आहे. तो कोणी मोजला, कसा मोजला, हे विचारायची त्या काळी कोणाची छाती नव्हती.

वाढवून सांगणारा हाच शिकारी जखमी होऊन वेतात पडलेल्या, न सापडलेल्या बदकांचा आकडा मात्र कमी सांगतो. हे उघडकीला आणायला लपून बसावं लागलं. अमेरिकेत आणि कॅनडाच्या गवताळ प्रांतांत सरकारी निरीक्षक शिकाऱ्यांच्या नकळत आडोशाला बसून दुर्बिणीतून नोंद ठेवत: किती बार, किती पक्षी पडले, किती उचलले. तीच माणसं नंतर काय सांगतात ते तपासलं की तफावत निघे. एकाच माणसाच्या दोन उत्तरांत चूक दोन दिशांना, आणि दोन्हीकडे त्याची स्वतःची प्रतिमा थोडी उजळतेच. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो, कारण सर्वेक्षणाची चूक म्हणजे निव्वळ गोंधळ असता तर मोठ्या नमुन्यात ती एकमेकींना कापून गेली असती. ही चूक एका बाजूला झुकलेली असते, आणि नमुना कितीही वाढवला तरी ती तशीच राहते.

महाराष्ट्रात वाढलेल्याला हे ओळखीचं वाटेल. गावाची नजर पैसेवारी आणि पीक कापणी प्रयोगातून निघालेला उतारा यांत कोणता आकडा खरा, यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर सवलती ठरतात, आणि आकडा कुठे झुकेल हे सगळ्या गावाला आधीच ठाऊक असतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी 1940 च्या दशकात नजरेच्या अंदाजाऐवजी यादृच्छिक जागा निवडून पीक कापून तोलायची पद्धत देशभर रुजवली. बदकांचा धागा इथे खरोखरच जुळतो. नमुना सर्वेक्षणातली चूक मोजण्याचं एक सूत्र आज येट्स, ग्रंडी आणि सेन यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यातले ए. आर. सेन यांनी ते 1953 मध्ये भारतीय कृषी सांख्यिकी परिषदेच्या नियतकालिकात मांडलं होतं. हेच सेन पुढे कॅनडाच्या वन्यजीव खात्यात गेले. कॅनडाने 1966 मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला देशभर परवाना सक्तीचा केला होता, त्यामुळे नमुना कोणातून निवडायचा याची यादी हाताशी होती. शिकाऱ्यांच्या उत्तरांतल्या चुका किती आणि कुठल्या दिशेच्या, यावर सेन यांनी 1970 च्या दशकात तिथे लेख लिहिले. शेतातल्या उताऱ्यासाठी घडलेली शिस्त अशी बदकांच्या कामी आली.

तोंडी आकड्यावरचा भार उतरवायचा सर्वांत हुशार मार्ग अमेरिकेने 1961 मध्ये काढला, आणि तो म्हणजे पंख मागायचा. निवडलेल्या शिकाऱ्याला टपालखर्च भरलेली पाकिटं पाठवतात. बदक मारलं की एक पंख कापून पाकिटात घालायचा, वर तारीख आणि जिल्हा लिहायचा, टपालात टाकायचा. हंसांच्या बाबतीत शेपटीची पिसं. हिवाळाभर ही पाकिटं साठवतात आणि मग जीवशास्त्रज्ञ लांब टेबलांभोवती बसून हजारो पंख हातावेगळे करतात. या बैठकीला ते ‘विंग-बी’ म्हणतात. अनुभवी माणसाला एका पंखावरून जात, नर की मादी आणि त्याच वर्षीचं पिल्लू की प्रौढ, एवढं सांगता येतं. पिल्लाच्या अंगाजवळची पिसं अरुंद, टोकाला झिजून विरलेली असतात, प्रौढाची रुंद आणि गोलसर. हंसाच्या पिल्लाच्या शेपटीच्या पिसाला टोकाशी खाच असते, कारण तिथे लागलेली मऊ लव तुटून गेलेली असते. अंधाऱ्या पहाटे धुक्यात मारलेलं बदक कोणतं, हे शिकाऱ्याला धड सांगता येत नाही. पंख सांगतो. शिवाय दर प्रौढ मादीमागे पिल्लं किती, यावरून त्या उन्हाळ्यातली वीण कशी झाली तेही कळतं, आणि हे शिकाऱ्याला विचारून कधीच कळलं नसतं.

पंखालाही मर्यादा आहेत. पिल्लं भोळी असतात, आमिषाच्या लाकडी बदकांकडे सहज उतरतात, म्हणून ती प्रमाणाबाहेर मारली जातात. ते प्रमाण दुरुस्त करायला पुन्हा पायातल्या कड्यांचा आधार लागतो.

1970 च्या दशकात काही राज्यांनी गुणांची पद्धत आणली, तेव्हा शिकाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवण्याची आणखी एक परीक्षा झाली. जपायच्या जातींना जास्त गुण, मुबलक जातींना कमी. शेवटच्या बदकाने गुण शंभरला पोचले की त्या दिवसाची शिकार संपली. म्हणजे जड गुणांचं बदक शेवटी मारलं तर चालतं, आधी मारलं तर तिथेच थांबावं लागतं. मग कोणतं बदक आधी पडलं याचा क्रम पिशवीत सोयीने बदलायचा उद्योग सुरू झाला, आणि पहारेकऱ्याला तो सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. ती पद्धत पुढे मागे पडली.

कड्यांची गोष्ट वेगळीच निघाली. इथे वाढवून सांगायचा प्रश्न नव्हता, शिकारी कळवायचेच नाहीत. बक्षिसाची रक्कम छापलेली कडी साध्या कड्यांबरोबर घालून पाहिल्यावर 1980 च्या दशकाच्या अखेरीस दिसलं की मॅलार्ड बदकांची साधी कडी सापडल्यावर जेमतेम एक तृतीयांश कळवली जातात. बाकीची टोपीला, शिट्टीच्या दोरीला अडकवून मिरवली जात. 1990 च्या दशकात कड्यावर बिनपैशाचा फोन नंबर छापायला सुरुवात झाली आणि प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. लिंकन यांच्या हिशेबातलं एक टोक अशा प्रकारे बऱ्यापैकी पक्कं झालं.

दुसऱ्या टोकाचं सर्वेक्षणही तेव्हाच बदललं. डक स्टॅम्पच्या यादीत होल्यांचे, पाणलाव्यांचे, वुडकॉकचे शिकारी नव्हतेच, कारण त्यांना ते तिकीट लागत नाही. आणि शिकारीच्या स्थलांतरित पक्ष्यांत तिथे सर्वांत जास्त मारले जातात ते होलेच. म्हणून राज्यांनी परवाना देतानाच नाव-पत्ता आणि गेल्या वर्षीची शिकार विचारायची नवी योजना आली. 1998 पर्यंत हवाई सोडून सगळी राज्यं तिच्यात आली. निवडलेल्यांना मोसमाआधीच नोंदपत्रक पाठवलं जातं, रोजच्या रोज लिहावं म्हणून. स्मृतीच्या दोषावर हा उतारा चांगला होता. पण दुकानाच्या गल्ल्यावर, मागे रांग उभी असताना, विकणारा मुलगा प्रश्न न विचारताच सगळीकडे शून्य टाकून मोकळा होतो ही तक्रारही तेव्हापासूनचीच. त्याच उत्तरांवरून भरपूर शिकार करणारे आणि न करणारे असे गट पाडले जातात, त्यामुळे इथली टंगळमंगळ पुढच्या सगळ्या गणितात उतरते.

जुन्या सर्वेक्षणातले आकडे प्रतिष्ठेच्या दोषासाठी खाली ओढले जात, आणि ती दुरुस्ती 1950 च्या दशकातल्या तपासण्यांवर आधारलेली होती. नव्या योजनेत अशी दुरुस्ती करत नाहीत. पॅडिंग आणि रॉयल यांनी 2012 मध्ये कड्यांवरून स्वतंत्रपणे काढलेली शिकार आणि सर्वेक्षणातली शिकार शेजारी ठेवली, तेव्हा सर्वेक्षणाचे आकडे अजूनही फुगलेलेच निघाले.

मॅलार्डच्या बाबतीत याने फारसं बिघडत नाही. 1955 पासून मे महिन्यात विमानातून बदकं आणि तळी मोजली जातात. 1995 पासून मोसम ठरवण्याची जी पद्धत आहे ती त्या मोजणीवर आणि कड्यांवर उभी आहे. शिकाऱ्याचं उत्तर त्यात जोड म्हणून येतं. फुगवटा दर वर्षी साधारण तेवढाच राहिला तर चढउतार तरी खरे दिसतात. नॉर्वे-स्वीडनमध्ये मूस हरणांसाठी शिकाऱ्यांनी दिवसभरात पाहिलेल्या जनावरांच्या नोंदी वापरतात, तिथेही याच आधारावर: एकूण आकडा खरा नसला तरी चढतोय की उतरतोय ते कळतं.

अडचण येते ती समुद्री बदकांपाशी. आयडर, स्कोटर यांसारख्या जाती दूर उत्तरेला वीण घालतात, विमानातल्या मोजणीत नीट येत नाहीत, पायात कडी फार थोड्यांच्या, आणि त्यांच्यामागे जाणारे शिकारीही मोजकेच. देशभरातून आलेल्या पंखांत अशा जातीचे मूठभर असतात. एखाद्या राज्यातून दोन पाकिटं जास्त आली तरी त्या जातीच्या शिकारीचा अंदाज हजारोंनी हलतो, आणि ते हलणं खरं की योगायोगाचं हे ताडून पाहायला दुसरा आकडा नसतो. त्यांची मर्यादा ठरवायच्या बैठकीत टेबलावर मुख्यतः हाच आकडा येतो.