१९ फेब्रुवारी १६३० ला वार कुठला होता?

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कॅलेंडरचा प्रोग्राम लिहायला लागतो. महिना आणि वर्ष द्यायचं, स्क्रीनवर त्या महिन्याचं पान छापायचं, बस. मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत असताना मला हा दिला होता आणि पहिल्या दिवशी मी काय केलं तर चालू वर्षाच्या १ जानेवारीचा वार भिंतीवर बघितला आणि तो सरळ कोडमध्ये लिहून टाकला. ते वर्ष बरोबर आलं, पण मागचं वर्ष टाकल्यावर सगळंच चुकलं.

खरं तर प्रोग्रामला दोनच गोष्टी माहीत हव्यात, महिन्यात दिवस किती आणि एक तारखेला वार कुठला. दिवस किती ते आपण लहानपणी मुठीच्या उंचवट्यांवर मोजायला शिकलोच आहोत, प्रोग्राममध्ये त्याचा बारा आकड्यांचा ॲरे, म्हणजे यादी, होते. गंमत आहे ती वारात, आणि तिथे सगळा खेळ बाकीचा आहे, म्हणजे भागाकार केल्यावर उरते ती बाकी.

३६५ ला ७ ने भागलं की ५२ आठवडे होतात आणि बाकी १ उरते. म्हणून तुमचा वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे सरकतो आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली की दोन वार. आता इसवी सन १ पासून आजचंच कॅलेंडर चालू होतं असं धरलं, तर त्या वर्षाची १ जानेवारी सोमवारी येते. तिथून हव्या त्या तारखेपर्यंत किती वार सरकले ते मोजायचं, एवढंच काम.

१५ ऑगस्ट १९४७ घेऊ, कागद-पेन घेऊन बरोबर करा. त्याआधी १९४६ वर्षं पूर्ण झाली, १९४६ ला ७ ने भागलं की बाकी ०. त्यात लीप वर्षं किती, तर चारने भागून ४८६, त्यातून शंभरची १९ वजा, चारशेची ४ परत मिळवायची, झाली ४७१, त्याची बाकी २. जानेवारी ते जुलै २१२ दिवस आणि वर १५, म्हणजे २२७, त्याची बाकी ३. शून्य अधिक दोन अधिक तीन पाच. सोमवार म्हणजे १ धरलं तर ५ म्हणजे शुक्रवार, आणि तो दिवस खरंच शुक्रवार होता! हे पहिल्यांदा हाताने जुळलं तेव्हा मी १ मे १९६० पण करून बघितलं, रविवार आला, तोही बरोबर. घरातल्या सगळ्यांचे जन्मवार मग त्याच संध्याकाळी काढून झाले.

शंभरची वर्षं वजा का आणि चारशेची परत का, हे मात्र बरेच जण नुसतं पाठ करतात. ऋतूंचं वर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं असतं. आजच्या आधीच्या जुलियन कॅलेंडरने दर चार वर्षांनी लीप वर्ष घेऊन ते ३६५.२५ धरलं होतं, म्हणजे वर्षाला ११ मिनिटं जास्त, आणि १२८ वर्षांत त्याचा अख्खा एक दिवस होतो, चारशे वर्षांत साधारण तीन. म्हणून १७००, १८००, १९०० ही वर्षं लीप नाहीत, पण २००० आहे. यातली मेख अशी की १९०१ पासून २०९९ पर्यंत नुसतं चारने भागून पण उत्तर बरोबरच येतं, त्यामुळे अर्धवट नियम लिहिणाऱ्याला चूक झालीय हे कळतच नाही. एक्सेलसुद्धा २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच नसलेली तारीख आजही मान्य करतं, कारण आधीच्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये तसं होतं आणि त्याच्या फायलींशी जुळवून घ्यायचं होतं. म्हणून टेस्ट करताना १९०० आणि २१०० टाकून बघितल्याशिवाय प्रोग्राम सबमिट करू नका.

छापायचं काम त्यामानाने सोपं. फक्त आपल्याकडे बऱ्याच घरांत भिंतीवर जे कॅलेंडर असतं त्यात वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली जातात, स्क्रीनवर मात्र एकेक ओळ आडवी छापायला लागते. मग रविवारच्या ओळीत एकदम २, ९, १६, २३, ३० असं सात-सातच्या उड्या मारत जायचं. ऑगस्ट २०२६ चं पान करून बघा, १ तारीख शनिवारी येते आणि ३०, ३१ साठी सहावा उभा रकाना लागतो. छापील कॅलेंडरवाले जागा वाचवायला त्या तारखा पहिल्या रकान्यातल्या रिकाम्या चौकटींत वर बसवतात, तसं कोडमध्ये करून बघायला मजा येते.

माझा प्रोग्राम चालायला लागल्यावर मी त्याला शिवजयंतीची तारीख दिली, १९ फेब्रुवारी १६३०. उत्तर आलं मंगळवार. पण जेधे शकावलीत, म्हणजे शिवकाळातल्या घटनांच्या तारीखवार नोंदींत, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार असं स्वच्छ लिहिलेलं आहे. मी कोड तीनदा तपासला, गणित हाताने केलं, तरी मंगळवारच. चूक कोडमध्ये नव्हतीच, १९ फेब्रुवारी ही तारीख जुलियन कॅलेंडरची आहे आणि माझा प्रोग्राम ग्रेगरियन, म्हणजे आजच्या कॅलेंडरच्या, नियमाने मोजत होता. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने १० दिवस गाळले, गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर. इंग्रजांनी तर ते १७५२ पर्यंत घेतलं नाही, आणि लिनक्सवर कॅल कमांड देऊन सप्टेंबर १७५२ बघितलात तर २ नंतर एकदम १४ दिसेल. तारखा उडाल्या पण वारांची साखळी कुठेच तुटली नाही. १९ फेब्रुवारीत १० दिवस मिळवले की १ मार्च १६३० होते, ती टाकली, आणि स्क्रीनवर शुक्रवार आला. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला वार माझ्या चाळीस ओळींच्या कोडने बरोबर सांगितला, मला अक्षरशः शहारा आला.

आईने पान बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, यात तिथी कुठेय? तिथी बाकीने निघत नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते, पण चंद्राचा वेग कमी-जास्त होत असतो, म्हणून तिथी कधी १९-२० तासांत संपते तर कधी २६ तास चालते. शिवाय दिवसाची तिथी सूर्योदयाला जी असेल ती, आणि नागपूरला सूर्य मुंबईच्या आधी साधारण २५ मिनिटं उगवतो. तेवढं गणित तेव्हा येत नव्हतं, मग भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेऊन वर्षभराच्या तिथ्या एका फाइलमध्ये टाइप करत बसलो. एका ठिकाणी लागोपाठ दोन दिवस एकच तिथी आली, मला वाटलं टाइप करताना चुकलं, पुसणार होतो. आई म्हणाली, अरे थांब, ती वृद्धी तिथी आहे, दोन्ही दिवशी सूर्य उगवला तेव्हा तीच चालू होती.