आर्चटॉप गिटारचा सूर लवकर का विरतो?

२०२३ च्या फेब्रुवारीत समारा जॉय या तेवीस वर्षांच्या जॅझ गायिकेला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचं ग्रॅमी मिळालं. तिच्या पहिल्या अल्बमपासून तिच्यासोबत वाजवणारा गिटारवादक म्हणजे पास्क्वाले ग्रासो. जन्म १९८८ चा, इटलीतला. त्याच्या हातातली गिटार आजोबांच्या काळातली वाटावी अशी: फुगीर पोट, व्हायोलिनसारखी दोन ‘एफ’ आकाराची छिद्रं, तारा थेट बुडाशी एका पट्टीत अडकवलेल्या. ही आर्चटॉप. त्याचे व्हिडिओ बघून गिटार शिकणारी विशी-पंचविशीतली मुलं आता या वाद्याच्या मागे लागली आहेत आणि बहुतेकांची समजूत एकच असते: एवढी मोठी पोकळ पेटी आहे, म्हणजे खर्ज भरपूर असणार आणि सूर लांबवर घुमत राहणार.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. चांगल्या आर्चटॉपचा सूर झटकन उठतो आणि चटकन विरतो. खर्ज बेताचा, मधले सूर ठसठशीत. माझ्या मते तरुणांना जे भुलवतं ते हेच, आणि त्याचं मूळ तारा लाकडावर जोर कसा लावतात यात आहे.

आपल्या ओळखीची साधी गिटार आधी घेऊ. तिची पुढची फळी, म्हणजे तबली, सपाट असते आणि जेमतेम तीन मिलिमीटर जाड. तारा ज्या पट्टीवर संपतात ती घोडी, म्हणजे ब्रिज, या फळीला सरसाने चिकटवलेली. सहा स्टीलच्या तारांचा मिळून ताण साधारण ७५ किलो. हा ताण घोडीला मानेच्या दिशेने ओढतो, आणि तारा फळीच्या थोड्या वरून जात असल्यामुळे घोडीला पिळही बसतो. म्हणून जुन्या गिटारींची फळी घोडीच्या मागे फुगलेली आणि पुढे खचलेली दिसते.

आर्चटॉपमध्ये घोडी चिकटवलेलीच नसते. ती नुसती उभी असते. तारा तिच्यावरून जातात, पलीकडे खाली वळतात आणि गिटारच्या बुडाशी टेलपीस नावाच्या पट्टीत अडकतात. ओढण्याचं काम टेलपीस सोसतो, घोडीवर येतो तो फक्त खाली दाबणारा जोर. तो किती, हे शाळेतल्या त्रिकोणमितीने काढता येतं. घोडीवरून जाताना तारांची दिशा १४ अंशांनी वळते असं धरू. मग खालचा दाब = ताण × २ × साइन ७°. साइन ७° म्हणजे ०.१२२. ७५ किलोला त्याच्या दुपटीने गुणलं की येतात सुमारे १८ किलो. लहान मुलाएवढं वजन फळीच्या मधोमध, दोन बोटं रुंदीच्या लाकडी पायांवर, वर्षानुवर्षं.

सपाट फळी हे फार काळ सोसणार नाही. म्हणून फळीला कमान दिली जाते. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा जाड ठोकळा कोरून मधे दीड-दोन सेंटिमीटर उंच, कडेला उतरती अशी तबली काढतात. मध्यभागी जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास, कडेला त्याहून कमी. कमानीवर वरून भार आला की तो कडांकडे दाबाच्या रूपात पसरतो, आणि लाकूड आपल्या शिरांच्या दिशेने असा दाब सोसायला भक्कम असतं.

आता दुकानातला एक लाडका गैरसमज. ‘दाब जितका जास्त, तितका आवाज मोठा.’ पण स्थिर दाबातून आवाज निघत नाही. आवाज निघतो तो बदलणाऱ्या जोरातून. एका तारेचा ताण १२ किलो धरा. घोडीपासून १५ सेंटिमीटरवर ती ३ मिलिमीटर खेचून सोडली, तर घोडीजवळ तिचा उतार ३ भागिले १५०, म्हणजे ०.०२ होतो. म्हणून घोडीवरचा जोर १२ × ०.०२, म्हणजे जवळजवळ २४० ग्रॅमने वर-खाली होऊ लागतो. त्याच तारेचा स्थिर दाब मात्र तीन किलोच्या आसपास आहे. म्हणजे तार कितीही जोरात छेडली तरी घोडी फळीवरून उचलली जात नाही. दाबाचं काम इतकंच: संपर्क सुटू न देणं. त्याहून वाढवाल तर फळी आखडते आणि कालांतराने खचते. फळीला हलवतात ते हे २४० ग्रॅम, सेकंदाला काहीशे वेळा.

तार छेडताना आपण तिला ठरावीकच ऊर्जा देतो. ती ऊर्जा लवकर खर्च केली तर आवाज मोठा पण सूर थोडाच वेळ टिकतो, हळूहळू खर्च केली तर आवाज लहान पण सूर लांबतो. याची दोन टोकं सगळ्यांनी ऐकली आहेत. बँजोची घोडी पातळ पडद्यावर उभी असते. पडदा तारेची ऊर्जा एका झटक्यात हवेला देऊन टाकतो, म्हणून बँजो ठणकतो आणि गप्प होतो. भरीव इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड इतकं जड की घोडी जवळपास हलतच नाही. ऊर्जा तारेतच राहते, सूर लांबतो, पण अँप्लिफायर नसेल तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही. आर्चटॉप यांच्या मधे बसते, आणि साध्या गिटारपेक्षा बँजोच्या बाजूला. कमानीमुळे तिची फळी ताठ असते. ताठ फळीच्या नैसर्गिक कंपनांची वारंवारता वर सरकते, म्हणून खालच्या सुरांना ती फारशी साथ देत नाही आणि मधल्या सुरांना मात्र ताबडतोब देते.

बँजोची आठवण उगाच काढलेली नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात नाचगाण्याच्या वाद्यवृंदांत ठेका धरायला बँजोच असायचा. मिशिगनमधल्या कॅलमझू गावी गिब्सन कंपनीत लॉइड लोअर याने १९२२ मध्ये एल-५ ही ‘एफ’ छिद्रांची आर्चटॉप आणली. पुढच्या दहा-बारा वर्षांत बँजोची जागा अशा गिटारींनी घेतली. पितळी वाद्यांच्या तोफखान्यासमोर ऐकू जायचं तर पेटी मोठी हवी, म्हणून १९३४ ची सुपर ४०० तर १८ इंच रुंद होती. आकार वाढला तो पोहोच वाढवण्यासाठी.

लवकर विरणाऱ्या या सुराचा सगळ्यात शुद्ध नमुना म्हणजे गिटारवादक फ्रेडी ग्रीन. जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदात तो १९३७ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत होता आणि जवळजवळ सगळा काळ अँप्लिफायरशिवाय वाजवत राहिला. तारा फळीपासून उंच ठेवलेल्या, प्रत्येक मात्रेवर एक आघात, आणि पुढची मात्रा येण्याआधी सूर संपलेला. त्याची गिटार वेगळी अशी ऐकू येत नाही. ड्रम आणि डबल बास यांच्यामध्ये ती मिसळून जाते. सूर लांबला असता तर त्या ठेक्याचा चिखल झाला असता.

तरुण वादकांसाठी हाच गुण वेगळ्या कारणाने मोलाचा ठरतो. जॅझमधला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले सूर, तीन सुरांवर थांबत नाही. त्यात सातवा, नववा, तेरावा असे सूर येतात आणि त्यातले काही एकमेकांना खेटून बसतात. प्रत्येक सुरासोबत त्याचे हार्मोनिक, म्हणजे त्यातूनच उठणारे वरचे बारीक सूर, येतात. दोन सुरांचे हार्मोनिक जवळजवळ पडले की कानाला खरखर जाणवते. त्यात मूळ सूर लांबणारे असतील तर आधीचा कॉर्ड नव्यावर सांडतो. आर्चटॉपवर आधीचा कॉर्ड वेळेत बाजूला होतो. त्यात बहुतेक वादक गुळगुळीत गुंडाळलेल्या, फ्लॅटवाउंड तारा लावतात. त्या वरचे हार्मोनिक कमीच देतात. म्हणून ग्रासो एकट्याने खर्ज, कॉर्ड आणि चाल अशा तीन ओळी चालवतो तेव्हा तिन्ही सुट्या ऐकू येतात. खोलीत, माइकजवळ बसून वाजवणाऱ्या पिढीला हे फार जवळचं आहे. आवाज बदलणाऱ्या इफेक्टच्या पेट्यांमागे लपता येत नाही आणि लपायची गरजही पडत नाही.

अँप्लिफायरचीही एक बाजू आहे. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० ही इलेक्ट्रिक आर्चटॉप काढली, आणि १९३९ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आलेल्या चार्ली ख्रिश्चनने ती सॅक्सोफोनसारखी एकेका सुरात वाजवून दाखवली. पण मोठी, हलकी फळी स्पीकरच्या आवाजाने स्वतःच थरथरते, तो थरथराट पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग, पुन्हा अँप्लिफायरला देतो आणि किंचाळी सुरू होते. उपाय म्हणून १९४९ च्या ईएस-१७५ मध्ये कोरीव फळीऐवजी दाबून वाकवलेलं प्लायवूड आलं. ‘प्लायवूड म्हणजे स्वस्तातली फसवणूक’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: जॅझ गिटारचा जो आवाज जगाच्या कानात बसला आहे, त्यातला बराचसा प्लायवूडचा आहे.

लाकडाच्या नावाने तर मोठीच अंधश्रद्धा पोसली जाते. अमुक झाडाचं, तमुक दशकात वाळवलेलं, म्हणून किंमत पाचपट. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक सरळ प्रयोग प्रसिद्ध केला. पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या, बाकी सगळं सारखं अशा सहा स्टील-तारेच्या साध्या गिटारी बनवून घेतल्या आणि ५२ वादकांना नीट दिसू नये अशा प्रकाशात वाजवायला दिल्या. महाग लाकूड ओळखून त्याला वरचे गुण देणं त्यांना जमलं नाही. पुढच्या फळीची गोष्ट वेगळी. ती कशी कोरली यावर खूप काही अवलंबून आहे. मग ‘४३२ हर्ट्‌झला सूर लावा, शरीर बरं होतं’ असं सांगणारेही या वाद्याच्या आसपास घुटमळताना दिसतात. त्या दाव्याला कसलाही आधार नाही. सध्या जगभर रूढ असलेला ४४० हादेखील एक संकेतच आहे, पण संकेत बदलल्याने रोग जात नाही.

आपल्याकडे आर्चटॉप पूर्वीच येऊन गेली आहे, नाव माहीत नसलं तरी. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिब्सन सुपर ४०० आडवी ठेवून तिच्यावर रागसंगीत वाजवलं. विश्वमोहन भट्ट यांची मोहन वीणा हे आर्चटॉपचंच बदललेलं रूप, तरफेच्या तारांसह सुमारे वीस तारांचं. या निवडीत शहाणपण आहे. इतक्या तारांचा ताण चिकटवलेल्या घोडीवर टाकला असता तर सरस केव्हाच सुटला असता. टेलपीस आणि कमान तो पेलतात. खरं तर मिरजेचा तंबोरा बघितला तरी हीच रचना दिसते: फुगीर तबली, तिच्यावर उभी घोडी, पलीकडे बुडाशी बांधलेल्या तारा. फरक घोडीच्या माथ्याचा. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि जवारी लावून, दोरा सरकवून तार तिच्यावर घासत ठेवली जाते, म्हणजे हार्मोनिक पुन्हा पुन्हा उठत राहतात. आर्चटॉपच्या घोडीचा माथा अरुंद, तारेचं कंपन तिथे स्वच्छ संपतं. एकाच सांगाड्यातून एकाने न संपणारा सूर काढला, दुसऱ्याने वेळेवर संपणारा.

तरुणांना हे वाद्य परवडू लागलं याचं श्रेय बीजिंगकडे जातं. तिथे वाद्यं बनवणारी ईस्टमन ही मुळात व्हायोलिनची कंपनी. कमानदार फळी हाताने कोरणारे कारागीर तिच्याकडे होतेच. त्यांनी तेच कौशल्य गिटारकडे वळवलं. न्यूयॉर्कमध्ये जॉन डी’अँजेलिकोसुद्धा व्हायोलिनच्याच कामातून या धंद्यात आला होता. १९३२ पासून १९६४ मध्ये मरेपर्यंत त्याने गिटारी बनवल्या; आज त्या संग्राहकांच्या किमतीला जातात.

कुणी पहिली आर्चटॉप घेणार असेल तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक बदला. दाब गेला की घोडी मोकळी होते, सरकते आणि सगळे सूर चुकतात. सरकलीच तर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, दाबलेला सूर आणि तिथेच तारेला नुसता स्पर्श करून काढलेला हार्मोनिक ट्यूनरवर जुळेपर्यंत घोडी मागे-पुढे करा: दाबलेला सूर चढा आला तर घोडी टेलपीसकडे, उतरा आला तर मानेकडे. आणि कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात कोरीव फळी ओल पिऊन थोडी फुगते, तारा बोटांना उंच लागतात. घोडीच्या दोन्ही बाजूंना छोटी चाकं असतात, ती तारा सैल करून अर्धा फेरा उतरवावीत, आणि ऑक्टोबरची हीट सुरू झाली की परत चढवावीत.