कंडरा व अस्थिबंध : इजा आणि सांधणी

कंडरा स्नायूला हाडाशी जोडते. अस्थिबंध सांध्यावर हाडाला हाडाशी बांधतो. टेंडन आणि लिगामेंट ही त्यांची रूढ नावे. त्यांच्यावर ताण किती येतो, ती कशी तुटतात आणि जुळल्यावर किती बळ परत येते, याचा अभ्यास जीवयांत्रिकीत होतो. कुस्ती, कबड्डी, ऊसतोड आणि घाटातली धाव यांमुळे सांगली–सातारा भागात या इजा सर्वपरिचित आहेत.

संज्ञा : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ९०० स्नायू व १६ कंडरा मोजल्या आहेत. तेथील ‘स्नायू’ म्हणजे आजचा मांसल स्नायू नव्हे. मांसल स्नायूला तेथे ‘पेशी’ म्हटले असून पेशींची संख्या ५०० दिली आहे. फळ्या दोरांनी घट्ट बांधलेली नाव पाण्यात माणसांचा भार सोसते, तसे स्नायूंनी सांधे बांधल्यामुळे शरीर भार सोसते, असा दृष्टांत तेथे येतो. हाड, पेशी, शिरा किंवा सांधा यांच्यापेक्षा स्नायूची इजा अधिक घातक, असेही म्हटले आहे. या स्नायूचा अर्थ कोणी अस्थिबंध, तर कोणी कंडरा व अस्थिबंध मिळून, असा करतात. नावेचा दृष्टांत पाहता अस्थिबंध हा अर्थ अधिक जुळतो. मात्र चार प्रकारांपैकी ‘सुषिर’ स्नायू आमाशय, पक्वाशय व बस्ती यांच्या ठिकाणी सांगितल्यामुळे तो सरसकट लावता येत नाही. संहितेचा गाभा इसवी सनापूर्वीचा आणि आजचे रूप सनाच्या पहिल्या काही शतकांतले असावे, असे साधारणपणे मानले जाते. बोलीत मात्र ‘शीर’ या एका शब्दात रक्तवाहिनी, कंडरा आणि नस हे सगळेच येते. त्यामुळे ‘शीर तुटली’ एवढ्यावरून नेमके काय तुटले ते कळत नाही.

बांधणी व ताण : कंडरेच्या कोरड्या वजनात सुमारे ६५ ते ८० टक्के कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन असते. सैल असताना त्याचे तंतू लाटांसारखे मुडपलेले असतात. अंबाडीचे चऱ्हाट ओढले की आधी पीळ बसतो, दोर सहज लांबतो आणि मग ताठ होतो, कंडरेचेही तसेच. मूळ लांबीच्या सुमारे २ टक्क्यांपर्यंत लांबताना हे मुडपलेले तंतू सरळ होतात. ४ टक्क्यांच्या आसपास सूक्ष्म तंतू तुटू लागतात आणि ८ ते १० टक्क्यांना कंडरा तुटते. जोराच्या आकुंचनात काही कंडरा याहून अधिक लांबल्याच्या नोंदी असल्याने या मर्यादा ढोबळ मानाव्यात.

चाचणीत खरी अडचण पकडीची. ओली कंडरा ओढणाऱ्या यंत्राच्या जबड्यातून निसटते. फार आवळली तर जबड्यापाशीच तुटते आणि तो निकाल बाद धरावा लागतो. म्हणून टोके गोठवून पकडतात, किंवा अस्थिबंध दोन्हीकडच्या हाडांसकट काढतात. नमुना उणे २० °से. तापमानात साठवला तरी गुण फारसे बदलत नाहीत, पण मोजणीभर ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने तो ओला ठेवावा लागतो. पहिल्या काही ओढींत ताण व लांबीचा आलेख सरकत राहतो. त्यामुळे दहाएक वेळा हलका ताण देऊन मगच नोंद घेतात. लांबी जबड्यांच्या अंतरावरून न धरता नमुन्यावरच्या खुणांवरून मोजणे बरे. सॅव्हियो वू व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये गुडघ्यातील एसीएल (मांडीचे हाड व नडगी यांना बांधणारा आतला पुढचा अस्थिबंध) तोडून पाहिला, तेव्हा २२ ते ३५ वयोगटात सरासरी २,१६० न्यूटन, तर ६० ते ९७ वयोगटात ६५८ न्यूटन बळ लागले. हे आकडे बंधाच्याच दिशेने ओढून आलेले आहेत; नडगीच्या दिशेने ओढल्यास कमी येतात.

भरण्याचा वाद : इजेनंतर काही दिवस दाह, मग सुमारे सहा आठवड्यांपर्यंत नव्या, कच्च्या कोलॅजेनची भर, आणि पुढे वर्षभर किंवा अधिक काळ तंतूंची फेरमांडणी, असे टप्पे मानतात. इजा भरणाऱ्या पेशी (आजच्या अर्थाने) येतात कुठून, यावर बराच वाद झाला. पोटेंझा (१९६२) या संशोधकांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांवरून भोवतालच्या ऊतींतून, म्हणजे त्या कंडरेला चिकटून होणाऱ्या चिकटणीतूनच कंडरा जुळते असे ठरले, आणि बोट बांधून ठेवण्याला बळ मिळाले. १९७० च्या दशकात लुंडबोर्ग यांनी सशाची शिवलेली कंडरा गुडघ्याच्या सांध्यातील द्रवात मोकळी ठेवली. ती चिकटणीविना, स्वतःच्याच पेशींनी जुळली. आज दोन्ही मार्ग मान्य आहेत, पण व्यवहारात दुसऱ्या मताचे पारडे जड आहे. कारण मोजक्या हालचालीने चिकटणी कमी होते आणि बळ लवकर येते.

हाताची कंडरा : ऊस तोडताना मोळी डाव्या हातात व कोयता उजव्यात असतो, त्यामुळे डाव्या बोटांवर घाव बसतात. कातडी शिवण्याआधी प्रत्येक बोट तपासावे. मधला सांधा धरून टोकाचे पेर वाकवायला सांगितले की बोट वाकवणाऱ्या दोन कंडरांपैकी खोल कंडरा कळते; बाकीची बोटे सरळ धरून उरलेले वाकवायला सांगितले की वरची. ही तपासणी राहिली आणि वरची जखम भरली, की बोट न वळण्याचे कारण काही आठवड्यांनी लक्षात येते. तोवर तुटलेल्या कंडरेचे मनगटाकडचे टोक तळहातात आक्रसलेले असते. पाते मुठीत धरताना कापले असेल, तर बोट सरळ केल्यावर शेंड्याकडचे टोक जखमेच्या पुढे सरकलेले सापडते. शिवताना टोकापासून ७ ते १० मिमी. आत टाका घेतात, चार किंवा अधिक धागे पार नेतात आणि कडेने बारीक धावटाका घालतात. शिवलेल्या टोकांतली फट ३ मिमी.च्या वर गेली तर जोड बळ धरत नाही. दुसऱ्याने बोट हलवल्यास कंडरेवर १ ते ६ न्यूटन, स्वतः हलके वाकवल्यास सुमारे ३५ पर्यंत, तर चिमटीत १२० पर्यंत ताण येतो. म्हणून सुरुवातीला हालचाल हवी, पण पकड नको.

टाच : साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या चढावर टाच खाली राहते आणि टाचेची कंडरा लांबलेल्या स्थितीत भार घेते. जुनाट दुखण्यात दाहापेक्षा झीज अधिक आढळते. पायरीच्या कडेवर टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम १५ च्या तीन फेऱ्या, गुडघा सरळ व वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे करतात.

गुडघा : कुस्तीत पट काढताना (प्रतिस्पर्ध्याचा पाय ओढून त्याला पाडताना) पाऊल मातीत रुतलेले आणि धड फिरलेले असेल, तर आतला बाजूचा बंध आधी जातो. तो बहुधा शस्त्रक्रियेविना भरतो. एसीएल मात्र सांध्यातील द्रवात असल्याने रक्ताची गाठ टिकत नाही आणि तुटलेली टोके सहसा जुळत नाहीत. म्हणून गुडघ्यापुढची किंवा मांडीमागची कंडरा त्याच्या जागी बसवतात. बसवलेल्या कंडरेचा हा कलम आधी मरतो, मग त्यात नव्या पेशी व रक्तवाहिन्या शिरतात. प्राणिप्रयोगांत तो ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान सर्वांत कमकुवत आढळला आहे. सूज ओसरून मल्लाला गुडघा बरा वाटू लागतो तोही हाच काळ. आखाड्यात परतणे नऊ महिन्यांआधी नको, आणि तेव्हाही मांडीचे बळ दुसऱ्या पायाशी मोजून पाहिल्यावरच.