दीडशे ग्रॅमची काटकसर

मका महागला की पोल्ट्रीवाल्याची नजर तांदळाच्या कणीकडे, सरकीच्या पेंडीकडे, इथेनॉल कारखान्यातल्या वाळवलेल्या चोथ्याकडे (बाजारात हा 'डीडीजीएस') वळते. त्यात गैर काही नाही. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या, खर्चातला ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचाच असतो. पण हा माल पिल्लाला कितव्या दिवसापासून द्यायचा?

अंड्यातून निघालेलं पिल्लू ४०-४५ ग्रॅमचं असतं आणि आठवड्यात जवळपास चौपट होतं. एवढी घाई, पण स्वादुपिंड अजून कच्चं, पाचक रस अपुरे. त्यात तंतुमय पदार्थ कोंबडीला मोठेपणीही फारसे पचत नाहीत. म्हणून कोंडा किंवा सूर्यफुलाची पेंड जास्त झाली, की पिल्लाचं पोट भरतं, वजन भरत नाही.

कणी मात्र पिल्लालाही चालते. तंतू कमी, स्टार्च सहज पचणारा, प्रथिनं मक्याइतकीच. फक्त मक्यातलं पिवळं रंगद्रव्य तिच्यात नसतं, म्हणून पाय नि कातडी फिकी पडते. त्याचं दुःख गिऱ्हाइकाला, कोंबडीला नाही!

सरकीचं तसं नाही. किडींपासून बचावासाठी कपाशी गॉसिपॉल नावाचं द्रव्य बनवते. ते पेंडीतल्या लायसिनला, म्हणजे प्रथिनांतल्या एका गरजेच्या घटकाला, धरून बसतं. पिशवीवर लिहिलेली प्रथिनं मग पिल्लाच्या अंगी लागत नाहीत.

डीडीजीएसची गोष्ट वेगळीच. इथेनॉलसाठी मका आंबवताना त्यातला स्टार्च संपतो आणि उरलेलं सगळं सुमारे तिपटीने दाट होतं. प्रथिनं वाढतात, तसं बुरशीचं विषही. मूळ मका ओला साठवलेला असेल, तर तो दोष इथे तिप्पट होऊन येतो. बुरशीच्या विषाची दहशत जगाला कळली ती १९६० साली, इंग्लंडमध्ये. ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड खाऊन लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्याच शोधातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं. कोंबडीपेक्षा टर्की आणि बदकाची पिल्लं त्याला जास्त बळी पडतात, पण कोंबडीचं यकृतही त्यातून सुटत नाही.

आता हिशेब. पहिल्या आठवड्यात पिल्लू खातं जेमतेम दीडशे ग्रॅम. दोन किलोचं होईपर्यंत खातं सव्वातीन किलोच्या आसपास. किलोमागे २ रुपये वाचवले, तर त्या आठवड्यात हाती येतात ३० पैसे. पुढच्या तीन किलोंवर ६ रुपये. स्वस्त माल आणायचाच, तर तो तिथे.