साखळी, गुंठा आणि टिपण

मुंबई इलाख्यातील शेतजमिनीची जुनी सरकारी मोजणी ३३ फुटी साखळीने झाली आणि गुंठा हे मापही त्याच साखळीतून आले. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर (४३,५६० चौ. फूट) होतो. इंग्लंडमधली गुंटर साखळी ६६ फुटांची असते, ही तिच्या निम्मी. साखळीचे १६ आणे पाडलेले असतात. एक आणा म्हणजे २ फूट पाऊण इंच.

या मापाची सोय अशी, की लांबी-रुंदी साखळ्यांत घेतली तर गुणाकार थेट गुंठ्यांत मिळतो. पाया १० साखळ्या आणि उंची ६ साखळ्या असलेला त्रिकोण ३० गुंठ्यांचा. आण्यांचा गुणाकार मात्र जपून करावा लागतो: १२ आणे लांब व १२ आणे रुंद तुकडा १४४ आण्यांचा नव्हे, तर १४४ भागिले १६ म्हणजे ९ आणे गुंठ्याचा भरतो (गुंठ्याचेही १६ आणे धरतात).

इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आधीच्या प्रिंगल यांच्या फसलेल्या जमीन-पाहणीची दुरुस्ती हाती घेतली. त्यातून उभी राहिलेली पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित झाली. तिचा घटक म्हणजे सर्वे नंबर. त्याचा आकार ठरवताना एका बैलजोडीला किती जमीन कसता येईल हे पाहिले जाई.

प्रत्यक्ष मोजणीत शेताच्या दोन लांबच्या टोकांवर झेंड्या रोवून त्यांच्यामध्ये सरळ पायारेषा धरतात. पुढचा माणूस साखळी ताणून दर साखळीला लोखंडी सळई रोवतो, मागचा ती उचलत येतो. त्याच्या हातातल्या सळया मोजल्या की पुऱ्या साखळ्या कळतात. बांधाला जिथे वळण आहे, तिथून क्रॉस-स्टाफने काटकोन साधून पायारेषेवर लंब घेतात. पायारेषेवरचे अंतर आणि लंबाची लांबी, हे दोन आकडे त्या कोपऱ्याची जागा ठरवतात. दोन लंब ४ व ५ साखळ्यांचे आणि त्यांच्यातले अंतर ६ साखळ्या असेल, तर मधला तुकडा साडेचार गुणिले ६, म्हणजे २७ गुंठे. असे त्रिकोण व समलंब चौकोन बेरजेला घेऊन शेताचे क्षेत्र काढतात आणि हा हिशेब गुणाकार बुकात राहतो.

या आकड्यांसह काढलेले कच्चे रेखाटन म्हणजे टिपण. ते प्रमाणात काढलेले नसते, पण त्यावरचे आकडे जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेले असतात, म्हणून हद्दीच्या वादात त्याचे वजन मोठे. गावनकाशावरून पट्टीने अंतर काढणे धोक्याचे आहे: १:५००० प्रमाणात अर्धा मिलिमीटर चुकला तर जमिनीवर अडीच मीटर चुकतात.

चुका कुठून येतात? सळई मोजायची राहिली तर सरळ ३३ फूट गळतात. हा दोष आडव्या तपासणी रेषेने पकडता येतो, म्हणून ती टाळू नये. कड्या ताणल्याने साखळी एक इंच वाढली असेल तर दर एकरी सुमारे २२० चौ. फुटांची चूक होते आणि क्षेत्र कमी भरते. उलट, चढावर साखळी जमिनीला टेकवून धरली की क्षेत्र जास्त भरते. १० अंशांच्या उतारावर ३३ फुटांचे सपाट अंतर ३२.५ फूटच असते, म्हणून उतारावर साखळी पायऱ्यापायऱ्यांनी आडवी धरतात.

सर्वांत महाग पडणारी चूक साखळीची नसते, आरंभबिंदूची असते. नांगरताना सरकलेला बांध किंवा कोणी हलवलेला दगड खरा मानून मोजणी सुरू केली, तर पुढचे सगळे आकडे बरोबर येऊनही हद्द चुकते. म्हणून एका खुणेवर विसंबू नये. दूरदूरच्या निदान तीन जुन्या खुणा टिपणाशी जुळवून मगच शेतात शिरावे.

मेट्रिक मापे आल्यावर सातबारावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर लिहिले जातात. आर म्हणजे १०० चौ. मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौ. मीटर. बोलताना दोन्ही एकच धरले जातात, पण ४० आर म्हणजे ३९.५४ गुंठेच. खरेदीखत करताना हा फरक आधी मिटवावा. लागवडीला न येणारा पोटखराबाही मोजणीच्या एकूण क्षेत्रात असतो, हे विसरले की ‘जमीन कमी भरली’ अशी तक्रार उगाच उठते.

१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्वे नंबरांच्या जागी गट नंबर आले. तिथे गटाचा मेळ जुन्या सर्वे नंबराशी घातल्याशिवाय टिपण उपयोगी पडत नाही. आज भूमापक ईटीएस (अंतर व कोन मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) किंवा उपग्रहावर चालणारा रोव्हर वापरतात. रोव्हर आपण उभे आहोत तो बिंदू काही सेंटिमीटरपर्यंत सांगतो (दाट झाडीखाली तेवढा भरवसा नसतो), पण जुना बांध कुठे होता ते त्याला ठाऊक नसते. तेवढ्यासाठी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे साखळी-आणे आजही मीटरमध्ये बदलून घ्यावे लागतात, एका साखळीचे १०.०५८४ मीटर या हिशेबाने.