क्लिक वाढले म्हणजे गिऱ्हाईक वाढलं?

‘जाहिरातीवर जितके क्लिक जास्त, तितकी विक्री जास्त’ असा संदेश छोट्या दुकानदारांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला तो पटतो, कारण क्लिक करणारा निदान दुकानाच्या दारात तरी आलेला असतो. पण पे-पर-क्लिकमध्ये पैसे कापले जातात ते क्लिकला; त्यानं काही घेतलं की नाही, याच्याशी बिलाचा संबंध नाही.

समजा, सांगलीतून हळद पावडर ऑनलाइन विकायची आहे. क्लिकला ८ रुपये धरले, तर १०० क्लिकचे ८०० रुपये. त्यातून ऑर्डर आल्या २, म्हणजे एका ऑर्डरमागे ४०० रुपये जाहिरातीलाच गेले. पाकिटावर नफा ६० रुपये असेल तर हिशेब उघड आहे.

मग क्लिक करतं कोण? सांगली हळदीची मोठी बाजारपेठ, त्यामुळे ‘हळद आजचा भाव’ किंवा ‘हळद लागवड’ शोधणारा शेतकरीही आपल्या जाहिरातीवर येतो. त्याला पावडर नकोच असते. शिवाय बॉटचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे, आणि मुद्दाम केलेले क्लिक. जाहिरात दाखवणाऱ्या कंपन्या त्यातले बरेच गाळतात, पण सगळे सापडतातच असं नाही.

पडताळायचं तर जाहिरातीच्या खात्यातला ‘सर्च टर्म्स’ अहवाल उघडा. लोकांनी नेमकं काय शोधलं, ते त्यात बऱ्यापैकी दिसतं. ‘भाव’, ‘लागवड’, ‘बियाणे’ असे शब्द नकारात्मक कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाका. मग महिन्याचा जाहिरातखर्च जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरींनी भागा. हा आकडा डॅशबोर्डवर आपोआप दिसेलच असं नाही. त्यासाठी कन्व्हर्जन ट्रॅकिंग, म्हणजे क्लिकनंतर ऑर्डर झाली का याची नोंद, आधी लावावं लागतं, आणि नेमकं तेच अनेकांचं राहून जातं.